पाचव्या दिवसाचं काम

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्यापुढे नाही, दादापुढे नाही, आईपुढे तर नाहीच — आणि आता आईही राहिली नाही. देवापुढे हात जोडले की मी दुसरंच काहीतरी मागायला लागते. मग तुम्हाला का सांगते आहे? नीट सांगता येणार नाही. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, एवढंच असावं. ओळखीच्या माणसांसमोर मी दोन-तीनदा सुरुवात केली होती, आणि दर वेळी मधेच चहा टाकायला उठले.

सुरुवात कुठून करायची, इथेच माझा गोंधळ होतो. आप्पांपासून केली तर मी बरी दिसते — आजारी बापाची काळजी घेणारी मुलगी. वहिनींपासून केली तर… पण तिथे यायचंच आहे. आधी आप्पा.

आमचं घर बनारसला, रामघाटावरच्या गल्लीत. आप्पा म्हणजे माझे वडील, वेदपाठशाळेत शिकवायचे. दादा, माझा मोठा भाऊ, महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांची श्राद्धं-पूजा बघायचा. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेला. वहिनी, दादाची बायको, लग्न होऊन दोन वर्षं झालेली, माझ्याहून जेमतेम वर्षभरानं मोठ्या. त्यांचं माहेर गंगेपलीकडे, रामनगरला; वडील तिथल्या शाळेत मास्तर होते. आणि मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. घरात इंग्रजी वाचता येणारी मी एकटी, आणि ते मी कुणाला विसरूही देत नसे. ब्याण्णव-त्र्याण्णव सालची गोष्ट.

त्या उन्हाळ्यात आप्पांना थकवा येऊ लागला. पाठशाळेच्या पायऱ्या चढताना तीनदा थांबायचे. पोटात डाव्या बाजूला जड वाटतं म्हणायचे. रक्त तपासलं, पुन्हा तपासलं, आणि मोठ्या डॉक्टरांनी मला आणि दादाला बाजूला घेऊन सांगितलं — रक्ताचा कॅन्सर आहे, पण सावकाश चालणारा, कॅप्सूल नीट घेतल्या तर बरीच वर्षं आटोक्यात राहील. घरी आम्ही तो शब्द उच्चारला नाही. ‘रक्ताचा विकार’ म्हणालो. आप्पांना खरं कळलं होतं का? मला वाटतं, कळलं होतं. पण आम्हाला जे बोलवत नव्हतं ते त्यांनीही बोलायला लावलं नाही.

दवा समजून घ्यायचं काम माझं. आमच्याकडे औषधाला दवाच म्हणतात. डॉक्टरांनी मला तीन गोष्टी सांगितल्या. मी इथे मुद्दाम लिहिते, कारण पुढे कितीदा तरी मी स्वतःची समजूत घातली की त्यांनी नीट सांगितलंच नव्हतं. सांगितलं होतं. कॅप्सूल पूरी निगलनी है, खोलनी नहीं. जो हाथ लगाए, हाथ धोए. आणि तिसरं — घर में कोई औरत पेट से हो, या होने वाली हो, तो वो इस दवा को छुए भी नहीं. मग चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं, “घर में है कोई?”

मी म्हटलं, “नहीं.”

तेव्हा ते खरं होतं. माझ्या या सगळ्या हकीगतीत डॉक्टरांशी मी पूर्ण खरं बोलले ते तेवढंच.

दोन महिने सगळं सुरळीत चाललं. रोज सकाळी दोन कॅप्सूल, अर्ध्या गुलाबी अर्ध्या हिरव्या, भांडंभर पाण्याबरोबर. आप्पांचा चेहरा सुधारला. मग आषाढात साताऱ्याकडचे एक यजमान काशीयात्रेला आले आणि आमच्याकडे उतरले. गृहस्थ औषधांच्या कारखान्यात नोकरीला. आप्पांना कॅप्सूल घेताना बघून ते कौतुकानं सांगायला लागले, कॅप्सूलचं कवच कसं बनतं ते — जनावरांची हाडं, कातडी उकळून काढलेला तो चिकट पदार्थ, मग त्याचे साचे, मग रंग. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. आपल्याला माहीत असलेलं सांगायला कुणाला आवडत नाही? मला तर फारच आवडायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही कॅप्सूल पाण्याच्या भांड्याशेजारी तशाच होत्या. तिसऱ्या दिवशीही. दादानं समजावलं, आई रडली. आप्पांनी आवाज चढवला नाही — ते कधीच चढवत नसत, त्यामुळेच त्यांच्यापुढे काही चालायचं नाही. मला म्हणाले, “दवा घेईन गं मी. हाड गिळायला तेवढं सांगू नकोस.”

तुम्ही हसाल कदाचित. मला तेव्हा हसू आलं नाही, आणि आताही येत नाही. ज्या माणसानं आयुष्यभर कांदा तोंडात घातला नाही, परक्याच्या घरचं पाणी घेतलं नाही, तो आपलं मरण समोर दिसत असतानाही सोवळ्यासाठी अडून बसतो — ह्यात हट्ट किती आणि धीर किती, हे मला कधी ठरवता आलं नाही. पण मी घाबरले होते. तीन दिवस दवा पोटात नव्हती. चौथ्या दिवशी मी म्हटलं, आप्पा, आतली पूड तर हाडाची नाही ना? कवच उघडू, पूड मधात कालवू, चाटण करून घ्या.

त्यांनी विचार केला. मग म्हणाले, “डॉक्टरसाहेबांना विचारलंस?”

“हो,” मी म्हटलं, “चालतं म्हणाले.”

विचारलं नव्हतं. का नाही विचारलं? पुढची तारीख तीन आठवड्यांवर होती, हे मी स्वतःला सांगायची. पण ते हॉस्पिटल माझ्या कॉलेजच्या रस्त्यावर होतं! मी रोज रिक्षानं त्याच्या फाटकावरून जायची. उतरून अर्धा तास थांबले असते तर झालं असतं. मला वाटतं, ते नाही म्हणतील हे मला ठाऊक होतं, आणि नाही ऐकून घरी आले असते तर माझी युक्ती वाया गेली असती. सगळ्या घराला न सुटलेलं मी सोडवलं होतं. आई म्हणाली होती, “पोर हुशार आहे माझी.” त्या एका वाक्यासाठी — हे लिहितानाही लाज वाटते — मी खोटं बोलले.

हाच तो अपराध असता तर मी एवढी वर्षं गप्प राहिले नसते. पण पुढे आहे.

आप्पांनी घरचा नियम घालून दिला. कवच ओवळं, पूड नाही. म्हणून कॅप्सूल आंघोळीच्या आधी उघडायच्या, चौकात, कागदावर. पूड चांदीच्या वाटीत झटकायची. कवचं घराबाहेर टाकायची. आणि मग आंघोळ करून सोवळ्यात मध घालून चाटण करायचं. आईला दिसत नव्हतं. काम माझ्याकडे आलं. आठ दिवस मी केलं. पूड बारीक, बोटांना चिकटायची, नखांत जायची. मी घाईनं उघडायची, थोडी सांडायचीसुद्धा.

नवव्या दिवशी मी बाहेरची झाले.

तेव्हा आमच्या घरी चार दिवस काटेकोर पाळले जायचे. वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत बसायचं, कशाला शिवायचं नाही. कॅप्सूलचं काम आपोआप वहिनींकडे गेलं. मी जिन्यावरून ओरडून सांगितलं कसं उघडायचं ते. हात धुवा, असंही सांगितलं. बाकीचं नाही सांगितलं. त्या वेळी ते लक्षात नव्हतं का? असं वाटतं की नव्हतं. चार दिवसांपुरतं तर काम होतं.

पण त्या खोलीत करायला काही नव्हतं, आणि माझ्या कॉलेजच्या वहीत कॅप्सूलच्या डबीतला तो घडी घातलेला कागद होता. बारीक अक्षरातला, इंग्रजी. मी तो वाचला. दोनदा. तिसऱ्यांदा फक्त एक परिच्छेद — गर्भावर होणाऱ्या परिणामांचा. डॉक्टरांनी एका वाक्यात सांगितलेलं तिथे सहा ओळींत होतं, आणि सहा ओळींत ते फार खरं वाटलं. मी आठ दिवस ती पूड हातात घेतली होती. जबलपूरची मंडळी मला बघायला कार्तिकात येणार होती. मला मुलं होतील ना? मी नखं वास घेऊन बघितली. कसला वास येणार होता? काही आला नाही.

पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन खाली आले. वहिनी चौकात कागद पसरून बसल्या होत्या. मला पाहून सरकल्या, जागा करून दिली. म्हणाल्या, “या वन्सं, सांभाळा तुमचं काम.”

आणि मी म्हटलं, “राहू द्या. तुमचा हात बसलाय आता, तुम्हीच करत जा.”

एवढंच वाक्य. हसून म्हटलं मी. वहिनींना ते कौतुक वाटलं. त्या खूश झाल्या! घरात त्यांचं कौतुक फारसं कुणी करायचं नाही, आणि मी, शिकलेली नणंद, म्हणत होते की तुम्हाला माझ्याहून चांगलं जमतं. जमत होतंच. त्या प्रत्येक अर्धं कवच नखानं टिचकी मारून झटकायच्या आणि आत फुंकर घालून उरलेली पूडही वाटीत पाडायच्या. मामंजींची दवा, कणभरही वाया जायला नको. मी ती फुंकर रोज बघायची. उडालेली पूड कवडशात दिसायची.

आता तुम्ही म्हणाल, तेव्हा वहिनींना दिवस कुठे गेले होते? नव्हतेच गेले. मीही स्वतःला हेच सांगायची. पण दोन वर्षं झालेलं लग्न, घरात सगळे वाट बघत असलेले, ‘होने वाली हो’ म्हणजे आणखी कोण? जे माझ्यासाठी धोक्याचं होतं ते त्यांच्यासाठी नव्हतं, असं मी कसं मानलं? मानलं नाही बहुतेक. त्याच्याकडे बघितलंच नाही.

आता खरं ते सांगते. इथपर्यंत मी आडूनच बोलत होते.

वहिनी बाहेरच्या झाल्या की ते चार दिवस कॅप्सूल मी उघडायची. श्रावणाच्या सुरुवातीला एकदा उघडल्या, तोंडाला पदर बांधून, श्वास धरून. त्यानंतर वहिनींचे बाहेरचे, म्हणजे माझे कॅप्सूलचे, चार दिवस यायला हवे होते ते भाद्रपदाच्या सुरुवातीला. गौरी आल्या, गेल्या. आले नाहीत. मी वाट बघत होते — धास्तीनं वाट बघत होते, कधी ते काम अंगावर येतं म्हणून. आठवडा गेला. दहा दिवस गेले. आईला कमी दिसायचं, दादाच्या ध्यानात या गोष्टी येत नसत, वहिनी स्वतः लाजेनं गप्प होत्या. म्हणजे त्या घरात वहिनींच्या खालोखाल ते कळलेलं माणूस कोण? मी. सगळ्यांच्या आधी मला कळलं, कारण कॅप्सूल माझ्याकडे आल्या नाहीत म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

होय, मला माहीत होतं. अंदाज नव्हे. माहीत होतं.

आणि त्यानंतर तीन आठवडे वहिनी रोज सकाळी चौकात बसून दोन कॅप्सूल उघडत होत्या, फुंकर घालत होत्या, आणि मी जिन्यात उभी राहून वेणी घालत होते. “द्या इकडे” एवढं म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, का? मग सांगावं लागलं असतं की डॉक्टरांनी बजावलं होतं. मग आप्पांनी विचारलं असतं, पण उघडायला चालतं म्हणाले होते ना? मग आप्पांना कळलं असतं की त्यांच्या मुलीनं दवेच्या बाबतीत त्यांना फसवलं. मी ह्या भीतीनं गप्प राहिले, की ती पूड पुन्हा माझ्या हाताला लागेल म्हणून? कितीदा तराजूत घातलं. कधी हे पारडं खाली जातं, कधी ते. रोज ठरवायची, उद्या सांगू. उद्या सकाळी त्या माझ्या आधी उठलेल्या असायच्या.

रामनगरची रामलीला सुरू झाली होती. वहिनी दर वर्षी तेव्हा माहेरी जायच्या; तिथे लीला महिनाभर चालते, आणि लहानपणापासून त्यांनी ती चुकवलेली नव्हती. एव्हाना त्यांनी आईच्या कानावर घातलं होतं. आई म्हणाली, यंदा नको, पोटुशी बाईनं गंगा ओलांडू नये. दादा म्हणाला, तीन दिवसांत परत येईल, जाऊ दे. वहिनी गेल्या. सामनेघाटापर्यंत रिक्षा, तिथून नाव. तीन दिवस मी कॅप्सूल उघडल्या, आणि देवाशपथ सांगते, त्या तीन दिवसांत मी ठरवलं होतं की आता काम परत द्यायचं नाही. त्या आल्या की सांगायचं, दगदग नको तुम्हाला, मी करते. किती सोपं होतं! कुणाला काही कळलंही नसतं. हे मला आधी का सुचलं नाही?

वहिनी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पोटात दुखायला लागलं. दुपारपर्यंत सगळं संपलं.

सुईणबाईनं पाहिलं, मग दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टरीण म्हणाली, होता है, पहला बच्चा कभी-कभी नहीं टिकता, किसी का दोष नहीं. मी हे वाक्य धरून बसले. किसी का दोष नहीं. पण घरात कुणाला तरी दोष हवाच असतो. आई वाईट नव्हती, ती वहिनींच्या कपाळावर हात फिरवत होती, आणि फिरवता फिरवताच म्हणाली, “नको म्हटलं होतं ना गं मी, पार जाऊ नकोस म्हणून.” वहिनी भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, “माझंच चुकलं.”

मी तिथेच होते. हातात पाण्याचं भांडं होतं. मी म्हटलं, “पाणी घ्या थोडं.”

पुढच्या आठवड्यात आप्पांच्या तपासणीची तारीख आली. मधल्या तारखांना लपवलं होतं, पण त्या वेळी आप्पांना बाहेर बसवून मी डॉक्टरांना सांगितलं, की आम्ही कॅप्सूल उघडून मधातून देतो. डॉक्टर खुर्चीतून उठलेच. किती रागावले! मग विचारलं, का उघडता? मी कवचाचं सांगितलं. त्यांनी डोकं खाजवलं, आणि म्हणाले, “तो पहले बतातीं. इसकी जगह गोली दे देता, वो भी चल जाती. गोली में हाड नहीं होता.”

गोळी होती. पहिल्या दिवसापासून होती. फाटकापाशी रिक्षा थांबवून एक प्रश्न विचारायचा होता.

मग त्यांनी विचारलं, “खोलता कौन था?”

मी म्हटलं, “मैं.”

ते माझ्याकडे दयेनं बघायला लागले. म्हणाले, घाबरू नकोस, तुझं रक्त तपासून घेऊ. मी तपासायला दिलं सुद्धा. सगळं ठीक निघालं. वहिनींचं रक्त कुणी तपासलं नाही. घरी येऊन सांगितलं, दवा बदलली. कुणी काही विचारलं नाही. आप्पा त्या गोळीवर साडेतीन वर्षं राहिले, त्यातली अडीच चांगली. पाठशाळेतही जायचे. जाताना मला आशीर्वाद देऊन गेले, “तू केलंस माझं,” म्हणाले.

पुडीनंच झालं का ते? मला माहीत नाही. माझा नवऱ्याकडचा एक दीर डॉक्टर आहे, दिवाळीला घरी येतो, त्याला विचारता आलं असतं. विचारलं नाही. तो ‘छे, तसं काही नसतं’ म्हणाला तर मी इतकी वर्षं उगाच जळले. आणि ‘हो’ म्हणाला तर? कोणतं उत्तर जास्त नको आहे, तेच कळत नाही. शिवाय उत्तर काहीही आलं तरी मी गप्प राहिले ते तसंच राहतं ना?

माझं लग्न झालं, जबलपूरला गेले. मला दोन मुलं झाली, दोन्ही धडधाकट. वहिनींना पुन्हा काही होईना. आणि वहिनींनी गंगा ओलांडणं सोडलं. कुणी सांगितलं नव्हतं, स्वतःच सोडलं. माहेरचे लोक इकडे यायचे, त्या तिकडे जायच्या नाहीत. रामलीला नाही, भावाचं लग्नही नाही. बनारसला कुणी विचारलं की हसून म्हणायच्या, आमचं पार जाणं बंद आहे. मी सुट्टीत यायची तेव्हा हे ऐकायची, आणि भाजी निवडत बसायची.

आप्पांच्या वर्षश्राद्धाला मी आले होते, तेव्हा वहिनींना सहावा महिना होता. एवढ्या वर्षांनी. सगळं घर त्यांना फुलासारखं जपत होतं. श्राद्धाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा भाऊ आला. वहिनींच्या आईला अर्धांगाचा झटका आला होता. हलवता येत नव्हतं, बोलणं गेलं होतं, फक्त लेकीचं नाव तेवढं तोंडातून येत होतं. माझी आई वहिनींना म्हणाली, तुझं तू ठरव बाई. दादा नेहमीसारखा दाराशी उभा राहिला. वहिनी उठल्या आणि माझ्याकडे आल्या. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. माझा हात धरला त्यांनी. इतकी वर्षं त्यांनी मला कधी काही मागितलं नव्हतं.

“वन्सं,” म्हणाल्या, “तुम्ही शिकलेल्या आहात. मामंजींना घेऊन डॉक्टरकडे तुम्हीच जायच्या. मला सच सांगा, कुणाला बोलणार नाही मी. गंगा ओलांडल्यानंच गेलं होतं का माझं ते? की दुसरं काही असतं? जाऊ का मी आईकडे?”

विचारलं बघा. एवढं सरळ विचारलं. पूड नव्हती आता, आप्पा नव्हते, लग्न मोडायचं भय नव्हतं. मला एकाच गोष्टीची भीती वाटली, आणि ती मी आज पहिल्यांदा शब्दांत मांडते आहे. त्या पार गेल्या, आईला भेटल्या, परत आल्या, आणि पोटातलं मूल सुखरूप राहिलं — तर मग ते पहिलं कशानं गेलं, हे कुणीतरी विचारलं असतं. वहिनींनी स्वतःच विचारलं असतं.

हे सगळं मी त्या क्षणी इतकं स्पष्ट मनात म्हटलं का? नाही, तसं नाही. मनात नुसता घोळ होता. पण तोंडातून आलं ते स्पष्ट आलं.

मी म्हटलं, “नका जाऊ, वहिनी. कशाला जोखीम?”

त्यांनी माझा हात सोडला, मान हलवली, आणि खाली जाऊन भावाला सांगितलं. तो एकटा परत गेला. त्यांची आई चौथ्या दिवशी गेली. नावेतून गंगा ओलांडून त्यांना मणिकर्णिकेला आणलं, आमच्या घरापासून चार पावलांवर. पोटुशी बाईनं प्रेत बघू नये म्हणून वहिनींना तिथेही जाऊ दिलं नाही. त्या खोलीत बसून राहिल्या. मी त्यांच्यापाशी बसले होते.

मुलगी पूर्ण दिवसांनी झाली, निरोगी. आता ती मोठी आहे, नोकरी करते. वहिनींनी तिला लहानपणापासून सांगितलं आहे, “आत्यानं मला त्या दिवशी अडवलं, म्हणून तू आहेस.” दर वर्षी तिच्या वाढदिवसाला मला फोन येतो. आधी वहिनी बोलतात, मग तिला देतात. आणि बनारसला गेले की ती मुलगी दारातच वाकून नमस्कार करते, आणि वहिनी मागे उभ्या राहून म्हणतात, नीट कर, दोन्ही हातांनी कर.

मी तो नमस्कार घेते.